शिमग्याला कणगा मोजा: कोकणातल्या घराने वर्षाचं भात कसं आखावं

शिमग्याचे खेळे गावाबाहेर गेले की दुसऱ्या दिवशी सकाळी आमची काकी बांबूची काठी घेऊन माजघरात जायची. तिथे कणगा, म्हणजे भात (सालासकटचं धान्य) साठवायची बांबूची मोठी टोपली, असायची. काठीवर वीत-वीत अंतरावर कोयत्याने खाचा पाडलेल्या. कणग्याच्या काठापासून भातापर्यंत किती खाचा रिकाम्या आहेत ते ती बघायची, बोटांवर काहीतरी मोजायची आणि बाहेर येऊन सांगायची, "आवंदा पुरतला" (यंदा पुरेल) किंवा नुसतंच "हूं." त्या हूंचा अर्थ असा, की आजपासून रात्री भाकरी.

मुंबईची नोकरी सोडून गावी परतलो तेव्हा ही काठी मला गंमत वाटली होती. पहिला पावसाळा काढल्यावर तसं वाटेना. पुढे जे सांगतोय ते तळकोकणातल्या पाच माणसांच्या, भात खाणाऱ्या घराच्या अनुभवावरून. रायगड-पालघरात शब्द बदलतील, तरव्याला, म्हणजे लावणीच्या रोपांना, आवण म्हणतील, हिशोब तोच राहील.

हिशोब आगोटीपासून उलटा

आगोट म्हणजे पावसाळ्याचं तोंड आणि त्याआधीची बेगमी. नव्या माणसाची पहिली चूक ही, की तो वर्ष दिवाळीपासून मोजतो. कार्तिकात कणगे भरलेले असतात, सगळं पुरेसं वाटतं. कोकणात अडचणीचा काळ उन्हाळा नाही, पावसाळा आहे. आषाढात घरातलं भात आठ-नऊ महिन्यांचं जुनं झालेलं असतं. ऊन नाही, म्हणून काही वाळत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, त्यामुळे ताजं मासळीचं कालवण नाही. लावणीच्या मजुरीला रोख पैसा जातो. वीज दोन-दोन दिवस नसली की गिरण बंद. आणि याच दिवसांत माणूस चिखलात वाकून वर्षातलं सगळ्यात जड काम करत असतो, म्हणजे भूकही याच दिवसांत सगळ्यात मोठी.

नवं भात हाती येईपर्यंत दसरा उजाडतो. म्हणून पहिला आकडा काढायचा तो १५ जून ते १५ ऑक्टोबर या चार महिन्यांचा. बाकी वर्ष त्याच्या मागे मागे बसवायचं.

पायरी पहिली: घराचा आकडा

सकाळी पेज, दुपारी भात, रात्री भात असं जेवणारं मोठं माणूस दिवसाला साधारण ३०० ग्रॅम तांदूळ खातं. पाच माणसांचे दीड किलो, वर्षाचे साडेपाचशे किलो. आता विसरली जाणारी माणसं धरा. चतुर्थीला मुंबईहून आठ जण सात दिवस येतात, त्यांचे १७ किलो. मे महिन्यात सहा जण वीस दिवस, त्यांचे ३६ किलो. आंबोळ्या, घावणे, पोहे, मोदकांचं पीठ मिळून आणखी पन्नासेक. एकूण झाले ६५० किलो तांदूळ.

भात गिरणीत घातलं की शंभर किलोचे साधारण ६५ किलो तांदूळ मिळतात, बाकी कोंडा-तूस. म्हणजे ६५० किलोला १००० किलो भात. उंदीर, सांडलवंड आणि वाळताना होणारी घट मिळून ५० किलो धरा, बियाण्याचे १५ किलो बाजूला काढा. साडेदहा क्विंटलच्या थोडं वर. आपल्या मळ्यात गुंठ्याला ३५ किलो भात येत असेल तर तीस-एकतीस गुंठे लागतील. तुमचा गुंठा किती देतो हे शेजाऱ्याला विचारू नका. शेजारी नेहमी चांगल्या वर्षाचं सांगतो. तीन वर्षांची पोती मोजून सरासरी काढा.

रेशनचं धान्य मिळत असेल तर ते वजा करा. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो, अंत्योदयला कुटुंबामागे ३५ किलो, पण त्यात गहूही असतो, म्हणून फक्त तांदळाचा भाग धरायचा. आमच्या घरी रेशनचा तांदूळ आंबोळीला जातो. भाताला नाही, कारण घरच्या उकड्याची (उकडून मग कांडलेल्या तांदळाची) सवय जिभेला लागली की दुसरं काही चालत नाही. हा हट्ट परवडत नसेल तर सोडून द्यावा.

पायरी दुसरी: कुठल्या जमिनीत कुठलं भात

सगळ्या शेतात एकच जात लावणारा माणूस एकाच दिवशी कापतो आणि एकाच पावसात सगळं भिजवतो. भात दिवसांप्रमाणे तीन प्रकारचं: हळवं साधारण ११५ दिवसांच्या आतलं, निमगरवं १३० पर्यंतचं, गरवं त्याहून जास्त. वरच्या भरड जमिनीत पाणी टिकत नाही, तिथे कर्जत ३ सारखं हळवं. मधल्या मळ्यांत जयासारखं निमगरवं. खाली पाणथळीत मसुरी किंवा सुवर्णा ही गरवी. खाडीकाठच्या खार जमिनीसाठी पनवेल १, २, ३ या जाती पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने काढल्यात. बियाणं आणायचं तर दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ किंवा तालुक्याचं कृषी कार्यालय गाठावं. दुकानातल्या चकचकीत पिशवीवरची जात किती दिवसांची, ते न बघता घेऊ नये.

हळवं भात सप्टेंबरअखेर, हस्तात, हाती येतं. कणगा तळाला गेलेला असतो तेव्हा तेच घर सावरतं. म्हणून थोडं हळवं हवंच, चार-पाच गुंठे तरी. जास्त मात्र नको. हस्ताचा पाऊस गडगडत येतो आणि पिकलेलं भात आडवं पाडतो. आमच्याकडे पाच गुंठे हळवं, दहा निमगरवं, उरलेलं गरवं असतं. थोडं वालय आणि पटणी या जुन्या जातींचं, काकीच्या आठवणीखातर. उत्पन्न कमी, पण पेजेला त्याला तोड नाही.

पायरी तिसरी: पेरणी आणि लावणी

हे गावातल्या कुणालाही येतं, त्यामुळे मोजकंच लिहितो. गुंठ्याला साधारण अर्धा किलो बियाणं पुरतं, आणि जितकी लावणी त्याच्या दहाव्या हिश्शाचा तरवा. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणं ओता. तरंगेल ते काढून कोंबड्यांना, बुडेल ते दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. तरवा गादीवाफ्यावर टाका, २१ ते २५ दिवसांचा झाला की उपटा. चुडात, म्हणजे एका जागी लावायच्या जुडीत, दोन-तीन काड्या, चुडांमध्ये वीतभरापेक्षा कमी अंतर. पुनर्वसू संपेपर्यंत, म्हणजे जुलैच्या विसाव्या तारखेच्या आत, लावणी उरकली पाहिजे. त्यानंतर लावलेल्या भाताला फुटवे कमी येतात.

एक गोष्ट मात्र पाळा: सगळं बियाणं एका दिवशी पेरू नका. जुन्या माणसांची रोहिणीतली धूळवाफेवरची (पावसाआधी कोरड्या मातीतली) पेरणी मृगाच्या भरवशावर असायची. २०२५ साली मान्सून २५ मेलाच तळकोकणात उतरला आणि थांबेचना. वाफे भरून राहिले, दाणा कुजला. ज्यांनी अर्धं बियाणं राखून ठेवलं होतं त्यांनी पुन्हा टाकलं. बाकीचे तरव्याच्या मुठी मागत फिरले. त्यात मीही होतो.

पायरी चौथी: कापणी ते खळं

वर्षाचं धान्य बहुतेक वेळा इथेच नासतं. कीड-उंदीर नंतर येतात, आधी ओल येते.

लोंबीतले वरचे दाणे पिवळे, बुडाकडचे थोडे हिरवट असताना कापा. सगळं कडक पिवळं होईपर्यंत थांबलात तर दाणा गळतो. कापलेल्या भाताला एक-दोन दिवस शेतात ऊन द्यायची पद्धत आहे, पण ती आकाश बघून. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर क्यार चक्रीवादळाच्या पावसाने कापून पडलेलं भात शेतातच रुजलं, हे सिंधुदुर्ग-रत्नागिरीत कुणी विसरलेलं नाही. तेव्हापासून आमचा नियम असा: सकाळी कापलं तर संध्याकाळी भारे खळ्यात. एका दिवसात जेवढं आत आणता येईल तेवढंच कापायचं.

ओलं भात ढीग करून ठेवू नका. आत हात घातला तर गरम लागेल, आणि दोन दिवसांत तांदूळ पिवळा पडेल, वास धरेल. ऊन नसेल तर झोडून घ्या, पडवीत, माळ्यावर, जिथे जागा असेल तिथे चार बोटं जाडीचा थर पसरा, पंखा लावा, दर दोन तासांनी पायाने सर ओढा. कंटाळवाणं काम आहे. पोरांना द्या.

ऊन असेल तेव्हा घाई करू नका. कापणीच्या वेळी दाण्यात २० टक्क्यांच्या वर ओल असते, साठवताना ती १२ ते १४ टक्क्यांवर यायला हवी. सारवलेल्या खळ्यात तीन-चार दिवस, दुपारी एकदा सावलीत गोळा करून पुन्हा पसरायचं. सिमेंटच्या तापलेल्या गच्चीवर एका दिवसात खडखडीत वाळवलेलं भात गिरणीत फुटतं, अर्धी कणीच निघते. पहिल्या वर्षी माझ्या कणीच्या पेजेवर कोंबड्या पोसल्या.

वाळलं की नाही ते दोन प्रकारे बघा. दाणा दाताखाली कट्ट करून तुटला पाहिजे, चेपता कामा नये. दुसरं, कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर भात आणि चमचाभर सुकं मीठ घालून हलवा, दहा मिनिटं ठेवा. मीठ बाटलीला चिकटलं तर अजून एक ऊन द्या.

पायरी पाचवी: कणगा

काकी म्हणायची, "झिला, भाताक कणगो नि तांदळाक डबो." म्हणजे वर्षाची साठवण भाताची, तांदूळ फक्त डबाभर. गिरणीला सारखं जायला नको म्हणून मी पहिल्या डिसेंबरात सहा पोती एकदम कांडून आणली. गोपाळकाल्याच्या सुमारास पिशवी उघडली तर तांदूळ चालत होता. सोंडे किड्यांना सालाशिवायचा दाणा म्हणजे मेजवानी. भाताच्या तुसाने दाणा राखला जातो, म्हणून महिन्या-दोन महिन्यांचं तेवढंच कांडायचं.

कणगा नवा असो की जुना, आतून-बाहेरून शेणमातीने सारवून दोन दिवस ऊन द्या. जमिनीला टेकवू नका, भिंतीला लावू नका. खाली चार दगड, त्यावर फळी, वर पेंढा. भिंतीपासून हातभर अंतर, म्हणजे मांजराला फिरता येतं. भात भरताना मधे मधे निगडीचा सुकवलेला पाला टाका. ओला पाला टाकणारेही पाहिलेत, तो स्वतःच ओल सोडतो. वरून पेंढा घालून तोंड सारवून बंद. बियाण्याचं भात याच्यात मिसळू नका. आमच्याकडे ते पेंढ्याच्या मुडीत बांधून चुलीवरच्या माळ्यावर ठेवतात. धूर लागतो, कीड लागत नाही. आषाढात हात पोचायला नको, हाही त्यामागचा हेतू असावा.

काठीचा हिशोब असा. कणगा आतून एक मीटर रुंद असेल तर भाताची एक वीत उंची म्हणजे साधारण एक क्विंटल. सव्वा मीटर असेल तर एक वीत म्हणजे दीड क्विंटलच्या थोडं वर. काठी भाताच्या तळापर्यंत खुपसायला जाऊ नका, जात नाही. काठापासून भातापर्यंतची रिकामी जागा मोजा आणि कणग्याच्या उंचीतून वजा करा.

पायरी सहावी: मळे रिकामे ठेवू नका

भात कापलेल्या मळ्यात पेरण्याजोगी ओल असते ती आठ-दहा दिवसच. त्यात नोव्हेंबरात कुळीथ, चवळी टाकली की पाणी न देता फेब्रुवारीत हाती येते. रायगडात तिथेच वाल, आणि मग थंडीत शेताच्या बांधावर पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगा. कुळीथ वीस किलो निघाला तरी पिठी वर्षभर चालते. पावसात माशाविना भात गिळायचा तर कुळथाच्या पिठीसारखा सोबती नाही.

ओहोळाला पाणी टिकत असेल तर डिसेंबरात पोत्यांचा वनराई बंधारा घालून वायंगणी, म्हणजे उन्हाळी, भात करता येतं. जानेवारीत लावणी, एप्रिल-मे मध्ये कापणी. हे भात ऐन आगोटीच्या तोंडावर घरात येतं, म्हणून पाच-सहा गुंठ्यांचं वायंगण खरिपाच्या दहा गुंठ्यांइतकं मोलाचं वाटतं. गुरं मोकाट असतात, तेव्हा वाडीने मिळून केलं तरच जमतं. एकट्याने कुंपणाच्या खर्चात पडू नये.

आणि नाचणी. वरकस (डोंगरउताराच्या) जमिनी काजूखाली गेल्या, नाचणी मागे पडली. तरी दोन-तीन गुंठे लावाच. तिला कीड लागत नाही म्हटलं तरी चालेल, नीट वाळवलेली नाचणी कित्येक वर्षं टिकते. भाताचं वर्ष फसलं तर ती आहे. आठवड्यातून चार रात्री भाकरी केली तर पाच माणसांच्या घरात महिन्याला दहा-बारा किलो तांदूळ वाचतो.

पायरी सातवी: शिमग्याची मोजणी

आता काठी. १५ मार्च ते १५ ऑक्टोबर सात महिने. दिवसाला दीड किलोप्रमाणे ३२० किलो तांदूळ, मेचे आणि चतुर्थीचे पाहुणे ५३ किलो, पीठ-पोह्यांचे तीस. चारशेच्या वर तांदूळ, म्हणजे सव्वासहाशे किलोच्या आसपास भात. एक मीटरच्या कणग्यांत मिळून सहा विती भात असलं पाहिजे.

पाच विती निघाल्या तर घाबरू नका, पण त्याच आठवड्यात ठरवा. पर्याय तीनच: रात्रीची भाकरी, जानेवारीत वायंगण लावलं असेल तर त्याचं भात, किंवा विकत घेणं. विकत घ्यायचं तर भातच घ्या, तांदूळ नको, आणि शिमग्यातच घ्या. आषाढात दुकानदार सांगेल तो भाव. उलट सात-आठ विती असतील तर जास्तीचं विकायला हरकत नाही. सरकारी खरेदी केंद्रावर २०२५-२६ च्या हंगामात साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये होता. आपल्याकडचं लाल भात तिथे घालू नका. त्याला ओळखीचं गिऱ्हाईक मुंबईत जास्त देतं.

पायरी आठवी: आगोट, पण लवकर

पूर्वी आगोटीची कामं मेअखेरपर्यंत चालायची. आता वाळवणाचं सगळं काम २० मेच्या आत संपवावं असं माझं मत झालंय.

सगळ्यात आधी उकडा. भात रात्रभर गरम पाण्यात भिजवायचं, सकाळी मोठ्या भांड्यात दाण्याचं तोंड उघडेपर्यंत उकडायचं, थोडा वेळ सावलीत निथळवून दोन-तीन कडक उन्हं द्यायची. उकड्याचा दाणा घट्ट होतो, गिरणीत कमी तुटतो आणि पावसाळ्यात साध्या तांदळापेक्षा चांगला टिकतो. त्यामुळे पावसातल्या गिरणीच्या फेऱ्या वाचवायला आधी कांडून ठेवायचा तर उकडाच ठेवावा, तोही दोन महिन्यांपुरता, घट्ट झाकणाच्या पिंपात. आमच्या घरी हे एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात होतं. २०२५ ला शेजारी २३ मे रोजी उकडं घालून बसले होते. पुढचे आठ दिवस त्यांच्या ओटीवर, पलंगावर, झोपाळ्यावर भात पसरलेलं होतं.

मग सुकी मासळी: बांगडा, जवळा, बोंबील, सोडे. घेताना मोडून बघा, वाकली तर ओली आहे. आणल्यावर घरी एक ऊन देऊन हवाबंद डब्यात. रातांबे पिकतील तशी आमसुलं आणि आगळ (रातांब्याचा खारवलेला रस). मसाला एप्रिलमध्ये. मीठ जास्तीचं, कारण पावसात त्याचं पाणी होतं. लाकडं, शेणी, गुरांचा पेंढा कोरड्या जागी. कांद्याच्या माळा वाऱ्यावर टांगा, पोत्यात नको.

पावसात खाण्याचा क्रम

जूनमध्ये उरलेला साधा तांदूळ आधी संपवा, उकडा नंतर. सुकी मासळी जुलैसाठी राखा, जूनमध्ये चढणीचे (पहिल्या पावसात ओहोळातून वर चढणारे) मासे आणि खेकडे मिळतात. रानभाज्या फुकट आणि वेळेवर येतात: टाकळा मृगाबरोबर, मग कुर्डू, फोडशी, भारंगी, पुढे श्रावणात अळू-फागलां (करटुली). अळू, शेवळं घशाला खाजतात, त्यात आमसूल किंवा चिंच हवीच. अळंबी घरातल्या जाणत्या माणसाने ओळखली तरच खावी, मोबाईलवरचा फोटो जुळवून नव्हे.

चतुर्थीपर्यंत परसात काकडी, पडवळ, दोडकी, भेंडी सुरू होते आणि चाकरमानी येतात तेव्हा ताट भरलेलं दिसतं. त्या सात दिवसांत कणगा बघायला कुणी जात नाही, जाऊही नये. पाहुण्यांचे १७ किलो आपण आधीच बाजूला काढलेत.

आश्विनात हळवं भात येतं, दाराला आंब्याच्या पानांबरोबर नव्याच्या लोंब्या लागतात. हे नवं एकदम पोटभर खाऊ नका. नवा तांदूळ शिजताना चिकट होतो आणि पोटाला जड जातो. नव्याच्या दिवसाची खीर, दिवाळीचे पोहे यांना तोच चांगला. रोजच्या भाताला मात्र तो पाच-सहा महिन्यांनी लागला पाहिजे, आणि तोपर्यंत पुरायला जुनं लागतं. म्हणून वरच्या आकड्यात जमल्यास साडेतीन-चार क्विंटल भात आणखी धरा. पहिल्या वर्षी जमणार नाही, आम्हाला तीन वर्षं लागली. त्यातूनही जे उरेल त्या जुन्या तांदळाच्या आंबोळ्या करा, जाळी सुरेख पडते.